गिरिजाअक्कांची दुरुस्ती

मी दिलेला पहिला तक्ता गिरिजाअक्कांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. त्यावर लाल शाईत एकच ओळ होती : "हा सरासरी नावाचा माणूस कोण? याचं रक्त आपण कधी घेतलं?"

महादेवपुऱ्यातल्या त्या चाचणी-प्रयोगशाळेत रुजू होऊन मला नऊ दिवस झाले होते. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं, काम आकडे तपासायचं. यंत्रातून निघालेला आकडा, वहीतला आकडा आणि अहवालातला आकडा एकच आहे ना, हे बघायचं आणि सही करायची. सहा रक्तदात्यांच्या पेशींचे सहा आकडे होते. त्यांची सरासरी मी काढली होती आणि ती बरोबर होती. तक्ता घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो.

"अक्का, बेरीज चुकलीय का कुठे?"

"नाही हो. बेरीज छान आहे. पण बघा की, या सहांतले पाच जण गप्प बसलेत आणि एकटा घर डोक्यावर घेतोय. तुमच्या सरासरीत सहाही जण स्वल्प स्वल्प कुरकुरतायत. असा कुरकुरणारा माणूस यात एकसुद्धा नाही."

मी परत येऊन सहा रेघांचा आलेख काढला. प्रत्येक माणसाची रेघ वेगळी. तेव्हापासून आजपर्यंत मी तसाच काढतो.

आमच्याकडे काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर अक्का कळणार नाहीत. गुडघ्याची वाटी, हर्नियाची जाळी, हृदयाच्या यंत्राचं वेष्टण अशा वस्तू माणसाच्या शरीरात बसवतात. शरीरातल्या रखवालदार पेशी त्या वस्तूला पाहुणा समजतात की चोर, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. चोर समजल्या तर सूज, दुखणं, वस्तूभोवती जाड कातडं. वस्तू माणसात जाण्याच्या कितीतरी आधी हे थोडंफार कळावं म्हणून आम्ही रक्तदात्याच्या रक्तातून त्या पेशी वेगळ्या करतो, आठवडाभर वाढवतो आणि वस्तूच्या छोट्या तुकड्यावर सोडतो. इडलीपात्रासारखी खळग्यांची प्लेट असते. एका खळग्यात एक तुकडा, त्यावर पेशी, वर पोषक द्रव. पेशी चिडल्या की काही ठरावीक प्रथिनं त्या द्रवात सोडतात. त्या प्रथिनांना आम्ही आपसात 'आरडाओरडा' म्हणायचो. दुसऱ्या दिवशी द्रव काढायचा आणि आरडाओरडा मोजायचा.

अक्का या विभागाच्या प्रमुख होत्या. उंची जेमतेम पाच फूट, आवाज त्या मानाने मोठा. घर शहराच्या जुन्या पेठेत. मेट्रो आमच्या बाजूला पोचली त्याआधी त्या दोन बस बदलून यायच्या आणि तरी आमच्या आधी हजर असायच्या. मी एकदा भाबडेपणाने विचारलं होतं, तुमचे लोक मूळचे कुठले.

"आम्ही मराठ्यांच्या फौजेबरोबर या कानडी मुलखात आलो," त्या म्हणाल्या. "साडेतीनशे वर्षं झाली असतील. परत जायला रजा मंजूर झाली नाही, म्हणून राहिलो. तुम्ही केव्हा आलात?"

"दोन हजार चारला."

"मग बसा, पाणी घ्या. नवे आहात."

त्यांच्या घरातली मराठी अर्धी कानडी होती. माझी मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. मी जरा लांबलचक वाक्य बोललो की त्या शेवटी "नमस्कार" म्हणायच्या.

मंगळवारी सकाळी रक्त घेतलं जायचं. आसपासच्या कचेऱ्यांतले लोक स्वेच्छेने यायचे, संमतीपत्रावर सही करायचे. त्यांची नावं एका कुलूपबंद वहीत जायची आणि पुढे फक्त क्रमांक उरायचा. रक्त घ्यायच्या आधी अक्का स्वतः प्रत्येकाशी बोलत.

"दोन दिवसांत काही औषध?"

"नाही मॅडम."

"डोकं दुखलं होतं काय?"

"ते काल दुखत होतं. त्याची एक गोळी घेतली. पण ती काय औषध नाही."

"सरी, ठीक आहे. इडली खाऊन जा. रक्त पुढच्या महिन्यात."

सूज उतरवणारी साधी गोळीसुद्धा पेशींना दोन दिवस गप्प करू शकते. मग खळग्यात दिसते ती शांतता गोळीची असते, वस्तूची नसते. अक्कांनी असे किती लोक इडली देऊन परत पाठवले, याची नोंद माझ्याकडे आहे. एका वर्षात एकोणीस.

नेहमी येणारे दाते बाहेर भेटले की विचारायचे, "अक्का, माझ्या पेशी कशा आहेत?" त्या म्हणायच्या, "तुमच्या कुठल्या ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं." हे त्या हसत सांगायच्या, पण सांगायच्या मात्र नाहीत.

पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं पोषण द्यावं लागतं आणि रविवार पेशींना कळत नाही. अक्कांच्या भाच्याचं लग्न नेमकं पोषण द्यायच्या रविवारी आलं. मी म्हटलं, पल्लवीला सांगू. पल्लवी ही आमची निपाणीची सहकारी, प्रथिनं मोजण्यात एकदम तयार, हाताने अक्कांपेक्षाही जलद. अक्का म्हणाल्या, "पल्लवी छान करेल. पण मंगळवारी, गुरुवारी हात माझा होता. रविवारी हात बदलला आणि सोमवारी पेशी बदलल्या, तर मी कुणाला विचारू?" अक्षता पडल्या आणि तासाभरात त्या जरीच्या साडीत मेट्रोने आल्या, साडी बदलून कोट-टोपी चढवली, चाळीस मिनिटं काम केलं आणि परत साडी नेसून पंगतीला पोचल्या. सोमवारी आम्हा दोघांसाठी चिरोटे आणले. पल्लवी म्हणाली, "अक्का, लग्न कसं झालं?" त्या म्हणाल्या, "छान. जेवणाच्या बाजूने मला संपूर्ण माहिती आहे."

त्यांचा दबदबा वाढला तो टायटॅनियमच्या चकत्यांमुळे. एका कारखान्याच्या चकत्या आल्या आणि सगळ्या दात्यांच्या पेशी त्यावर एकजात खवळल्या. कारखान्याचं म्हणणं, हा धातू जगभर वापरतात, तुमच्या पेशीच वेड्या आहेत. आमच्यातलेही काही म्हणायला लागले की पेशींची ही खेप बिघडली असेल, टाकून द्या. अक्कांनी पेशी ठेवल्या आणि कारखान्यात फोन लावला. चकत्या धुता कशाने? पाणी कुठलं? टाकी कधी साफ केली? चौथ्या दिवशी उत्तर मिळालं. टाकीच्या पाण्यात जिवाणू वाढले होते. चकत्या नंतर उष्णतेने निर्जंतुक केल्या होत्या, त्यामुळे जिवाणू मेले होते, पण त्यांच्या कवचाचे अंश तसेच चिकटून होते.

बैठकीत अक्कांनी ते असं सांगितलं : "चोर मेला. पण त्याची चप्पल दारातच राहिली. पेशी चप्पल बघून ओरडतायत. त्यात धातूचा काय दोष, आणि पेशींचा तरी काय दोष?"

नव्या पाण्याने धुतलेल्या चकत्यांवर पेशी शांत राहिल्या. तेव्हापासून नवीन तुकडा आला की त्याला 'चप्पल' चिकटली आहे का, हे आधी तपासायचं असा आमचा नियम झाला.

आता मुख्य गोष्ट. तिच्यातली वस्तू, ग्राहक आणि माणसांची नावं मी बदलली आहेत किंवा गाळली आहेत. आकडे बदललेले नाहीत.

हर्नियाच्या एका जाळीला मऊ, पाणी धरून ठेवणारा लेप दिलेला होता. लेपामुळे शरीर जाळीला सहज स्वीकारेल, असा बनवणाऱ्यांचा विश्वास. आम्ही चाचणी केली. साध्या जाळीवर पेशी बऱ्यापैकी ओरडल्या, लेपाच्या जाळीवर जवळजवळ गप्प. सहाच्या सहा दात्यांत. अक्कांनी अहवालात लिहिलं : "या लेपावर पेशी शांत राहतात." खाली त्यांची सही, त्याखाली आकडे तपासल्याची माझी. ग्राहक खूश झाला. प्राण्यांवरची चाचणी पार पडली, आणि दोन वर्षांनी त्यांनी माणसांवरच्या पहिल्या चाचणीची तयारी चालवली. अर्जासोबत आमचा अहवाल जोडलेला होता.

त्याच सुमारास दुसऱ्याच एका ग्राहकाचा तसलाच मऊ लेप आमच्याकडे आला. त्यावरही पेशी गप्प. सहाच्या सहा. अक्का दोन दिवस अस्वस्थ होत्या : सहा-सहा माणसं दोनदा एकजात गप्प कशी? तिसऱ्या दिवशी त्यांनी असा एक खळगा लावला ज्यात पेशी नव्हत्याच. नुसता लेप, वर द्रव, आणि त्या द्रवात बाटलीतून मोजून घातलेलं तेच आरडाओरड्याचं प्रथिन. एक हजार भाग. दुसऱ्या दिवशी पल्लवीने मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"अक्का, दोनशे दहा."

"बाकीचं?"

"बाकीचं नाही."

"नाही कसं? पेशी नाहीत, खाणारं कुणी नाही. सातशे नव्वद गेले कुठे?"

तिघांनाही एकाच वेळी कळलं. लेप स्पंजासारखा होता. त्याने प्रथिन शोषून घेतलं होतं. पेशी कितीही ओरडल्या तरी आवाज उशीत जिरणार आणि आम्ही उशीला कान लावून लिहिणार, खोलीत शांतता आहे.

अक्का माझ्याकडे वळल्या. "अण्णा, जाळीची ती जुनी फाइल काढा."

फाइल काढली. एकशे चव्वेचाळीस आकडे. मी सगळे पुन्हा तपासले. एकही चुकलेला नव्हता. आणि बिनपेशींचा, प्रथिन घातलेला खळगा त्या चाचणीत एकही नव्हता. त्या काळी कुणी लावत नसे आणि ग्राहकानेही मागितला नव्हता. मी खुर्चीत बसून राहिलो. प्रत्येक आकडा खरा असताना त्यांच्याखालचं वाक्य खोटं असू शकतं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"वाक्य माझं आहे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कशाला चेहरा पाडताय?"

त्या सरळ आमचे संचालक मूर्ती यांच्याकडे गेल्या. फाइल धरायला मी बरोबर होतो. बोलणं कानडी आणि इंग्रजीत झालं, मी मराठीत देतो.

"मॅडम, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे चाचणी बरोबरच होती ना?"

"होती, सर."

"मग चूक कुठली?"

"पद्धत बरोबर. मी काढलेला अर्थ चूक असू शकतो. पेशी शांत होत्या की लेपाने आवाज गिळला, मला माहीत नाही. आणि मी लिहिलंय की माहीत आहे."

मूर्ती वाईट माणूस नव्हते. पस्तीस माणसांचे पगार त्यांच्या डोक्यावर होते. ते म्हणाले, "पुढच्या चाचण्यांत हा नवा खळगा लावा. जुनं उकरू नका. ग्राहकाची तक्रार नाही. एक अहवाल मागे घेतला तर लोक बाकीच्या सगळ्यांबद्दल विचारतील."

"विचारू देत की. उत्तरं देऊ."

"मार्चमध्ये तुमची निवृत्ती आहे. दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र मी तयार ठेवलंय. ही धूळ कशाला उडवताय?"

मुदतवाढ अक्कांना हवी होती, हे मला ठाऊक होतं. त्यांना ऊतक बांधणाऱ्या पेशी आणि या रखवालदार पेशी एकत्र वाढवून तीन-तीन आठवडे चालणारं चाचणीचं नवं प्रारूप उभं करायचं होतं. वस्तूभोवती कातडं धरतं कसं, हे एका दिवसाच्या चाचणीत दिसत नाही. निम्मं काम झालं होतं.

मग त्या म्हणाल्या, "सर, ती जाळी कुणाच्या तरी पोटात जाणार. त्या माणसाने आपल्याला काही विचारलेलं नाही. त्याला आपलं नावसुद्धा माहीत नाही. मला सहा आठवडे द्या. आधी बघते, मग बोलते."

मूर्ती म्हणाले, "बघा. पण बघेपर्यंत बाहेर एक शब्द नको."

साठवणीच्या कपाटात साध्या जाळीचे तुकडे पुष्कळ होते, लेपाच्या जाळीचेही जुने सापडले. आठ. नवे मागवले असते तर ग्राहकाला कारण सांगावं लागलं असतं. म्हणजे आठच, आणि दुसरी संधी नाही. इथे आमचं भांडण झालं. दोन तुकडे बिनपेशींच्या खळग्यात जाणार, हे ठरलं. उरले सहा. मी म्हटलं, तीन दाते घेऊ आणि प्रत्येकी दोन तुकडे, म्हणजे मापाची खात्री राहील.

"आकडेशास्त्री, एकाच माणसाला दोनदा विचारायचं, की दोन माणसांना एकेकदा?"

"एकदाच विचारलं आणि ऐकण्यात चूक झाली तर?"

"तर पल्लवी तोच नमुना तीनदा मोजेल. ऐकण्याची चूक पल्लवीकडे सापडते. माणसामाणसातला फरक तीन माणसांत सापडत नाही."

मी एक संध्याकाळ गणित करून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. सहा दाते, प्रत्येकी एक तुकडा.

दुसरी अडचण मोठी होती. द्रवात मोजून उपयोग नव्हता, कारण आवाज लेप गिळत होता. अक्कांनी ठरवलं, बाहेर आलेला आवाज मोजायचाच नाही, पेशीच्या आत बघायचं. प्रथिन सोडण्याआधी पेशी आतल्या आत त्याचा हुकूम लिहिते. तो हुकूम पेशीच्या पोटात असतो, तिथे लेपाचा हात पोचत नाही. पल्लवी ते मोजू शकत होती.

त्या सहा आठवड्यांत अक्का एकदाही रजेवर गेल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात एका दात्याला सर्दी झाली. त्याला परत पाठवलं आणि बदली दाता मिळेपर्यंत बारा दिवस थांबलो. मी म्हटलं, पाचांवर भागवू, ग्राहकाची तारीख जवळ येतेय. "तारखेला घाई आहे, मला पण आहे," त्या म्हणाल्या, "सर्दीवाल्या पेशींना नाही." सहा आठवड्यांचे जवळजवळ आठ झाले. मूर्ती दर सोमवारी विचारायचे, त्या दर सोमवारी "अजून नाही" म्हणायच्या.

निकाल आला तेव्हा मी सहा रेघा काढल्या. बिनपेशींच्या दोन्ही खळग्यांत एक हजारातले अडीचशेच्या आत उरले. पेशींच्या आत बघितलं, तर सहांतल्या पाच दात्यांच्या पेशी लेपाच्या जाळीवर साध्या जाळीइतक्याच किंवा जास्त चिडलेल्या होत्या. एकाच्या खरोखर शांत होत्या.

मी आवेशात मसुदा लिहिला : "हा लेप अपायकारक आहे." अक्कांनी तो शब्द खोडला.

"हे कुणी दाखवलं?"

"पाच जण चिडलेत, अक्का."

"प्लेटमध्ये, एक दिवस. शरीरात महिन्याने काय होईल ते मला माहीत नाही. मघाशी एक न दाखवलेलं वाक्य काढायला बसलो, आता दुसरं घालू काय?"

त्यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या. आधीच्या अहवालातलं अमुक वाक्य मागे घेत आहे. कारण हे. नवे आकडे सोबत. आधीच्या चाचणीत आवश्यक तो तुलनेचा खळगा न लावण्याची जबाबदारी माझी आहे. खाली नाव.

मूर्तींनी ते उभ्यानेच वाचलं. "हे मी थांबवलं तर?"

"सर, अहवाल ज्याच्या सहीचा, त्याची दुरुस्तीही त्याच्याच सहीची. आपल्याच नियमावलीत आहे. मला तुम्ही काढू शकता. माझ्या जागी दुसऱ्याला ठेवलंत, तर त्यालाही हे आकडे वाचावे लागतील."

मूर्ती बसले. कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "जबाबदारीच्या ओळीत 'माझी' आहे, तिथे 'आमची' करा. प्रयोगशाळा माझी आहे." अक्कांनी मान हलवली. तेवढी एकच दुरुस्ती त्यांनी मान्य केली. पत्र त्याच दिवशी गेलं.

ग्राहकाने माणसांवरची चाचणी थांबवली आणि आम्हाला एक जळजळीत पत्र लिहिलं. मग दुसरं जरा कमी जळजळीत, अकरा प्रश्नांचं. अक्कांनी अकराही उत्तरं दिली. दोन प्रश्नांचं उत्तर "माहीत नाही" असं होतं. आणखी दोन ग्राहकांनी आपली कामं काढून घेतली. एकाने उलट नवं दिलं. मुदतवाढीच्या पत्राचा विषय मूर्तींनी काढला नाही, अक्कांनीही नाही. प्रारूपाच्या वह्या त्यांनी पल्लवीच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, कुठे अडलं आहे ते पानापानावर लिहून.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या जाळीवाल्यांची अभियंता स्वतः आली, हातात डबी. लेप बदलला होता. अक्कांनी तिला प्लेटजवळ बसवलं आणि कुठला खळगा कशासाठी ते दाखवलं. सहा दाते मिळाले, पेशी वाढल्या, आणि एकतीस तारखेला, त्यांच्या शेवटच्या दिवशी, अक्कांनी स्वतःच्या हाताने त्या तुकड्यांवर पेशी सोडल्या. द्रव दुसऱ्या दिवशी निघणार होता. दुपारी केक कापला, मूर्ती चार वाक्यं बोलले.

संध्याकाळी मी मेट्रोपर्यंत बरोबर गेलो. व्हाइटफील्डकडून येणाऱ्या कॅबनी रस्ता भरलेला होता. जिन्याशी मी म्हटलं, "अक्का, उद्या आकडे आले की फोन करतो."

त्या थांबल्या. "नको हो."

"निदान शांत आहेत की नाही एवढं तरी."

"अण्णा, ते ग्राहकाचे आकडे. आज सहापर्यंत मी आतली होते. आता बाहेरची."

"पण सगळं तुम्हीच तर लावलंत. तुम्हाला कळायला नको?"

"कळायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "फार पाहिजे होतं. म्हणून तर सांगू नका. मी विचारलं तरी सांगू नका."

मग त्यांनी पिशवी खांद्यावर घट्ट केली आणि जिना चढायला लागल्या. सरकता जिना शेजारीच चालू होता. त्या साध्या जिन्याने, एका लयीत, कठड्याला हात न लावता वर गेल्या. वरच्या वळणावर त्यांनी खाली पाहिलं, मला उभा बघितलं आणि हाताने खूण केली : जा, उद्या सकाळी लवकर यायचंय तुम्हाला.